गच्चीवरची कातडी

वाळलेल्या कातड्याला पाणी लावायचं नसतं. एवढी साधी गोष्ट आहे. सुकवलेला बोंबील कोणी नळाखाली धरून ठेवत नाही, वाळत घातलेल्या कुरडयांवर कोणी बादली ओतत नाही. पण आमच्या कामोठ्यातल्या सात मजली सोसायटीत शिकलेली माणसं राहतात. त्यांनी माझ्या वडिलांनी वाळवलेली बकऱ्यांची अकरा कातडी पाइप लावून धुतली, वरून फिनेल ओतलं आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबून ठेवली. स्वच्छता केली म्हणे. या गोष्टीला आता वर्ष होत आलं तरी माझं डोकं ठिकाणावर येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. शांतपणे लिहीन असं मात्र कबूल करत नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. माझा नवरा जहाजावर असतो, सहा महिने घरी, सहा महिने पाण्यावर. मी न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कागद करते. त्यामुळे सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत दादा घरात एकटे. ते सोफ्याच्या कडेवर बसायचे, कोणी उठवलं तर पटकन उठता यावं असे. टीव्ही लावून दिला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायचे. अर्धी चपाती खाऊन ताट सरकवायचे. डॉक्टर म्हणाले, तब्येतीत काही नाही, मन रमवा. कशात रमवा, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. मी त्यांना बागेत पाठवायची. ते बागेच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचे.

एका रविवारी ते माझ्याबरोबर मटण आणायला आले. दुकानाच्या मागच्या बाजूला निळं पिंप होतं, त्यात आतडी-कोथळा आणि त्याच्यावर नुकतंच उतरवलेलं बकऱ्याचं कातडं फेकलेलं. दादा पिंपापाशी गेले ते तिथंच उभे राहिले. मग दुकानदाराला म्हणाले, "हे असं टाकताय व्हय? ऊब हाय अजून त्यात." दुकानदार म्हणाला, "घेऊन जा काका, उपकार होतील. कोण विचारत नाय आता कातड्याला." दादांनी ते खरंच उचललं. रिक्षात माझ्या मांडीवर मटण आणि त्यांच्या मांडीवर कातडं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या दुपारी ते तीन भाकऱ्या जेवले, तेव्हा मी तोंड बंद ठेवलं.

आमची जात कातडं कमावणारी. जातीचं नाव लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि न कळल्याचं सोंग करणाऱ्यांना तर सगळ्यात आधी कळतं. दादांनी गावी हेच केलं, मग धारावीत कमावणीच्या कारखान्यात केलं. तो बंद पडला तेव्हा तळोज्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले आणि तिथून रिटायर झाले. मधल्या इतक्या वर्षांत त्यांचे हात काहीही विसरले नव्हते.

धारावीतल्या त्यांच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाचा मुलगा केसासकट वाळवलेली कातडी घेतो. पुढं ती परदेशी जातात आणि तिकडं त्यांचे गालिचे होतात, स्टुलांवर चढवतात. दादांनी त्याला फोन केला. तो आला, पहिलं कातडं बघितलं आणि चिमटीत केस धरून ओढले. एकही केस हातात आला नाही. या धंद्याची सगळी परीक्षा एवढीच. केस सुटला की माल गेला. तो म्हणाला, "चाचा, असा हात आता राहिला नाही कुठं. जेवढं होईल तेवढं करा, मी घेतो." नंतर नंतर तो दादांचा माल उघडूनसुद्धा बघत नसे. गठ्ठा उचलायचा, चहा प्यायचा, जायचा.

ते काम मी रोज बघत होते, म्हणून सांगते. कातडं ताजं असतानाच आणायचं, ढिगात राहिलं की त्याला आतून ऊब येते आणि तिथंच ते कुजायला लागतं. ओंडक्यावर पालथं घालून दोन मुठींच्या बोथट सुरीनं मांस आणि चरबी खरवडायची. मग जाडं मीठ. दादा मिठाला कधी हात आखडत नसत. मानेच्या वळ्या, पायांच्या कडा, शेपटीचं मूळ, सगळीकडं तळव्यानं चोळून चोळून भरायचे. फळीला उतार द्यायचा, म्हणजे सुटलेलं पाणी निघून जातं. दोन दिवसांनी ते मीठ झटकून नवं लावायचं. मग प्लायवूडवर खिळे मारून ताणायचं, आधी मान, मग शेपूट, मग पाय, आणि सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यायचं. उन्हात टाकलं तर करपतं. असं केलेल्या कातड्याला वास किती येतो? नव्या चपलेला येतो त्याहून कमी. माणसं दुकानात नवी चप्पल नाकाशी धरून खूश होतात, ते चालतं.

वारा पाहिजे म्हणजे गच्ची पाहिजे. मी सोसायटीला अर्ज केला, आणि इथं माझी चूक झाली, ती लपवत नाही. अर्जात मी लिहिलं, "वडिलांना हस्तकलेच्या वस्तू वाळवण्यासाठी गच्चीचा कोपरा मिळावा." हस्तकला. दिवसभर पोर्टवर दुसऱ्यांच्या मालाचं वर्णन फॉर्मात बरोबर भरणारी बाई मी. बॉक्समध्ये काय आहे ते नेमकं लिहा, नाहीतर माल अडकतो, असं पार्ट्यांना फोनवर ओरडून सांगणारी. माझ्या बापाच्या मालाचं वर्णन मला लिहिता आलं नाही. कातडं हा शब्द लिहायला माझा हात धजला नाही. अर्ज मंजूर झाला, गोल शिक्काही बसला.

दोन महिने सगळं ठीक चाललं होतं. गच्चीवर इतरांचंही बरंच काही वाळत असे. पापड, सांडगे, एका घरचे बोंबील. बोंबलांच्या वासाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, उलट सगळ्यांना गाव आठवायचं. जानेवारीत सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला, वरच्या मजल्यांवर वास येतोय. दुसऱ्या दिवशी, टेरेसवर नक्की काय चालतं? तिसऱ्या दिवशी कोणीतरी दादांच्या फळ्यांचा फोटो टाकला आणि खाली ओकारी काढणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या चेहऱ्यांमध्ये माझ्याकडून हक्कानं उसनं दूध नेणारी एक बाई होती.

दादांना फोटो दाखवला नाही. पण ते वासाबद्दल आधीच बोलत होते. "पोरी, वास येतोय ते खरं हाय. पर माझ्या कातड्याचा न्हाई. भिजून कुजल्याला वास हाय ह्यो. टाकीकडनं येतोय." पाण्याची टाकी त्यांच्या कोपऱ्यापासून दहा पावलांवर. झाकण तुटलेलं, त्यावर फाटकी जाळी. चाळीस वर्षं ज्यानं कुजणं आणि वाळणं यातला फरक नाकानं ओळखला, तो माणूस सांगत होता. मी काय म्हणाले? "दादा, तुम्ही त्यात पडू नका. आधीच नजरेत आलोय आपण."

तरी ते पडले. सेक्रेटरी गच्चीवर आले तेव्हा दादांनी त्यांना सांगितलं, "साहेब, टाकी येकदा बघा," आणि जाळी उचलायला हात पुढं केला. सेक्रेटरी मोठ्या बँकेत ऑफिसर आहेत, बोलणं एकदम गोड. ते म्हणाले, "काका, काका, पाण्याला हात नका लावू." दादांचा हात तिथंच थांबला. मग सेक्रेटरींच्याच लक्षात आलं असावं, कारण ते हसून म्हणाले, "म्हणजे तसं नाही हां. तुमच्या हाताला ते मीठ-बीठ असतं ना, म्हणून." हे मला दादांनी सांगितलं नाही. वॉचमननं सांगितलं, तेही आठवड्यानं. दादांनी त्या दिवशी घरी येऊन फक्त हात धुतले आणि जेवायला बसले.

आता मुद्द्याचं. कातडी नेणाऱ्यानं यावेळी सांगून ठेवलं होतं की मंगळवारी तो माल नेणार आणि तो एका मोठ्या गिऱ्हाइकाला दाखवणार. पसंत पडला तर वर्षभराचं काम. पनवेलपासूनची सगळी कातडी तो दादांकडे आणून टाकणार, हाताखाली माणसंही देणार, त्यांना दादांनी शिकवायचं. दादांनी पहिल्यांदाच माझ्याकडे एक वही मागितली. मीठ किती लागेल, फळ्या किती, आपल्याला कळंबोलीला एखादा गाळा मिळेल का, असलं काहीबाही त्यात लिहीत बसायचे. सोफ्याच्या कडेवर नाही, मांडी घालून मध्ये.

शुक्रवारी आम्ही मामेबहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेलो. अकरा कातडी वाळून तयार होती. ती दादांनी प्लायवूडवरून उतरवून, वर गोणपाट टाकून ठेवली होती. रविवारी दुपारी परत आलो. कपडे न बदलता दादा गच्चीवर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेले, तर ते जमिनीवर बसलेले आणि समोर तीन काळ्या पिशव्या. गोणपाट दोरीवर वाळत घातलेलं, तेही धुऊन. पिशव्या शुक्रवारपासून उन्हात होत्या. दादांनी एक कातडं बाहेर काढून मांडीवर पसरलं होतं. त्यांनी नुसता तळवा फिरवला आणि तळव्याबरोबर केसांचा पुंजका निघून आला. खाली पांढरं, बुळबुळीत.

"कुणी केलं?" मी विचारलं. ते म्हणाले, "धुतली त्यांनी." जणू माणूस माणसाचं याहून वाईट काही करू शकत नाही, अशा आवाजात.

मी सेक्रेटरींच्या दारात गेले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, शेजारची दारं उघडली एवढं आठवतं. ते मात्र शेवटपर्यंत शांत. "मॅडम, आम्ही फेकलं नाही ना? फेकू शकलो असतो. उलट क्लीन करून, पॅक करून ठेवलं. आणि तुमी अर्जात काय लिहिलं होतं ते जरा आठवा." मी मागं फिरले. खोट्या अर्जाची बाई मी, मी कसला न्याय मागणार? जिना उतरताना मला त्यांचा राग आला होता त्याच्या दुप्पट माझा आला.

त्या संध्याकाळी दादांनी हॉलमध्ये पंखा पाचावर लावून सगळी कातडी पसरली, घरातलं होतं नव्हतं ते मीठ लावलं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणखी दहा किलो आणलं. उपयोग नाही हे त्यांना माहीत होतं. हात थांबत नव्हते, एवढंच.

सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी स्वयंपाकघराच्या नळातून पीस आलं. कबुतराचं, करडं, चांगलं बोटभर. ग्रुपवर हाहाकार. कातडी शुक्रवारीच पिशवीत गेली होती, तरी वास वाढतच होता, आणि तोपर्यंत एका हुशार माणसानं कातड्याचा वास भिंतीत मुरला असल्याचा शोध लावलेला होता. आता सगळे गच्चीवर. टाकीची जाळी काढली. आत फुगलेलं कबूतर तरंगत होतं, किती दिवसांचं कोणास ठाऊक. दोन आठवडे तरी ते पाणी सगळ्यांच्या घरी गेलं होतं, आमच्याही. पहिल्या दिवसापासून दादा हेच सांगत होते.

टाकी धुणारा वाशीला कामावर होता, दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. तासाभरानं आमची बेल वाजली. सेक्रेटरी आणि त्यांच्या मागं दोघं. लग्नासाठी घेतलेली माझी रजा मंगळवारपर्यंत होती, मीच दार उघडलं. सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "काका, जरा हेल्प पाहिजे होती. ते बाहेर काढायचंय. आमच्यातल्या कोणाला जमत नाही हो, मळमळतं. तुमाला सवय आहे ना."

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "परवा पाण्याला हात लावू नका म्हणालात. आज लावायचा का?" ते म्हणाले, "मॅडम, जुनं काढू नका ना आता, इमर्जन्सी आहे." जुनं. बारा दिवस झाले नव्हते. मी म्हटलं, तुमचं कबूतर, तुमची टाकी, तुम्ही उतरा. बँकेत शिकवत नसतील तर आता शिका. अजूनही बरंच बोलले असते, पण मागून दादा आले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, "दादा, जायचं नाही. मी सांगते, जायचं नाही." ते म्हणाले, "लेकरं पाणी पितात, पोरी. सोड." आणि गेले.

लोखंडी शिडीवर सत्तरीचा माणूस चढला. बाकीचे लांब, नाकाला रुमाल लावून. दादांनी वाकून दोन्ही हातांनी ते उचललं, पिशवीत घातलं, गाठ मारली, खाली आले. मग नीट सांगितलं की टाकी पूर्ण उपसा, चुना लावा, झाकण नवं घ्या. एक जण थँक्यू काका म्हणाला. दुपारी ग्रुपवर आलं, "टाकीचा प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला आहे, सर्वांच्या सहकार्याबद्दल धन्यवाद." खाली हात जोडलेल्यांची रांग. कातड्यांबद्दल एक अक्षर नाही. मी दादांवरही चिडले. इतकी चिडले की रात्री त्यांच्याशी बोलले नाही. मला वाटत होतं, यांनी एकदा तरी नाही म्हणावं. माझ्यासाठी तरी म्हणावं.

मंगळवारी चारच्या सुमारास तो कातडी नेणारा आला. हसत आत आला, म्हणाला, "चाचा, पार्टी वाट बघतेय." नेहमीसारखा गठ्ठा तसाच उचलून नेणार होता. दादांनी त्याला थांबवलं. वरचं कातडं स्वतः उलगडलं, त्याच्यापुढं धरलं आणि स्वतःच चिमटीत केस धरून ओढले. हातात आले ते त्याला दाखवले. मग दुसरं, मग तिसरं. चौथ्याला तो म्हणाला, "बस, चाचा, बस. हे कसं झालं?"

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सगळं माझ्या जिभेवर होतं. पाइप, फिनेल, पिशव्या, सेक्रेटरी, कबूतर. तोंड उघडणार, तेवढ्यात दादांनी माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली.

"मीठ कमी पडलं," ते म्हणाले. "वय झालं गा. अंदाज चुकला माझा."

 तो कप उचलून हळूच म्हणाला, "होतं चाचा. अब्बांचा पण हात शेवटी असाच गेला. तुमी आता आराम करा." चहा अर्धा ठेवून गेला. फोन करतो म्हणाला. अजून केलेला नाही.

दार लावून मी दादांना विचारलं, का? इतकी वर्षं कमावलेलं नाव एका वाक्यात का घालवलंत? त्यांनी वही बंद करून टीपॉयखाली सरकवली. म्हणाले, "तो खाली जाऊन भांडला आसता. मग परत त्यो ग्रुप, परत त्ये फोटू. तुला हितं ऱ्हायाचं हाय, पोरी. माझं काय."

म्हणजे ते माझ्यासाठी होतं. आणि मी तिथं उभी होते, हातात ट्रे होता, तोंड होतं, आणि मी ते उघडलं नाही. त्यांनी मान हलवली म्हणून नाही. मलाही ते सोपं वाटलं म्हणून. जिना उतरणाऱ्या त्या माणसाला गॅलरीतून हाक मारायला मला किती वेळ लागला असता? मी गॅलरीत गेलेसुद्धा. तो टेम्पोत बसेपर्यंत उभी राहिले.

दादा आता पुन्हा सोफ्याच्या कडेवर बसतात. त्या माणसाचा नंबर माझ्याकडे आहे. हे लिहून झालं की त्याला फोन करणार आहे, आज, आणि एकच वाक्य सांगणार आहे. मीठ कमी पडलं नव्हतं.